उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत आला: नक्कल, मुदत आणि मराठी भाषांतर

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. शेतजमिनीच्या वाटपाच्या दाव्यात तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाचा निकाल मराठीत लागला, जिल्हा न्यायालयातले अपीलही मराठी निकालपत्राने निघाले, आणि औरंगाबाद खंडपीठाने द्वितीय अपिलात दिलेला निकाल मात्र इंग्रजीत आहे. आपण तो संकेतस्थळावरून उतरवून घेतला, मोबाईलवर त्याचे मराठी करून पाहिले, आणि आता घरात दोन मते पडली आहेत. भाऊबंद म्हणतात, अपील मंजूर झाले म्हणजे जमीन आमची झाली. आपल्याला तसे वाटत नाही. अधिकृत मराठी भाषांतर मागण्याचा आपल्याला हक्क आहे का, ते तलाठ्याकडे चालेल का, आणि अशाच वादातले इतर निकाल मराठीत कुठे वाचायला मिळतील, हे आपले तीन प्रश्न आहेत.

अपिलांचे काम करताना माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आणि त्यातला मोठा वेळ इंग्रजी निकाल पक्षकारांना मराठीत समजावून सांगण्यात आणि दुसऱ्यांनी केलेली भाषांतरे तपासण्यात गेला. त्या अनुभवावरून आपल्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलतो, कारण आपण न विचारलेली एक गोष्ट सर्वांत निकडीची आहे. ती म्हणजे मुदत.

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका दाखल करायची असेल तर साधारणपणे निकालाच्या तारखेपासून 90 दिवस मिळतात. निकाल आपल्याला कधी समजला, किंवा त्याचे मराठी कधी हाती आले, याचा या मोजणीशी संबंध नाही. मुदत कायदा, 1963 च्या कलम 12 नुसार प्रमाणित प्रत मिळण्यासाठी लागलेला वेळ वजा होतो, भाषांतरासाठी लागलेला वेळ वजा होत नाही. म्हणून नक्कल अर्ज आजच्या आज द्यावा. हाती आलेली नक्कल उलटी करून पाहा. तिच्यावर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती आपण घेतल्याची तारीख, अशा तीन तारखा असतात. वजावट पहिल्या दोन तारखांमधल्या काळाची धरतात. नक्कल तयार होऊन विभागात पडून राहिली आणि आपण महिनाभराने आणायला गेलात, तर तो महिना आपल्याच खात्यावर जातो. विलंब माफीचा अर्ज करता येतो हे खरे, पण ‘निकाल इंग्रजीत होता, समजला नाही’ एवढ्या एका कारणावर भिस्त ठेवू नये, असे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो.

संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत वाचण्यासाठी उत्तम आहे, पण ती नक्कल नव्हे. सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत कशी द्यायची हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 76 मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 75 मध्ये आहे. सही, शिक्का, तारीख आणि ‘खरी नक्कल’ असा दाखला असलेला कागदच दुसऱ्या कार्यालयात पुरावा म्हणून चालतो.

आता अर्थाकडे येतो. आपण मोबाईलवरच्या मराठीतून ही वाक्ये पाठवली आहेत: ‘अपीलाला परवानगी आहे. लादलेला निर्णय बाजूला ठेवला आहे आणि प्रकरण कोठडीसाठी परत पाठवले आहे. सर्व वाद उघडे ठेवले आहेत.’ मूळ निकाल माझ्यासमोर नाही, तरी या वाक्यांखाली कोणते इंग्रजी शब्द असणार हे या व्यवसायातला कोणीही ओळखेल. ‘परवानगी’ म्हणजे ‘अलाउड’, अर्थात अपील मंजूर. ‘लादलेला’ म्हणजे ‘इम्पग्न्ड’, म्हणजे ज्या निकालाला आव्हान दिले आहे तो. कोणी कोणावर काही लादलेले नाही. ‘बाजूला ठेवला’ म्हणजे रद्द केला. ‘कोठडी’ हा ‘रिमांड’ या शब्दाचा फौजदारी अर्थ यंत्राने उचलला आहे; दिवाणी अपिलात रिमांड म्हणजे प्रकरण फेरनिर्णयासाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवणे. आणि ‘वाद उघडे ठेवले’ याचा अर्थ असा की दोन्ही बाजूंचे सर्व मुद्दे तिथे पुन्हा मांडण्यास मोकळीक आहे, उच्च न्यायालयाने त्यांच्यावर मत दिलेले नाही.

म्हणजे माझा अंदाज बरोबर असेल तर आपलीच शंका रास्त आहे. अपील मंजूर झाले हे खरे, पण जमीन कोणालाच मिळालेली नाही. जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालावरून निघणारा औपचारिक आदेश) रद्द झाला आणि तेच पहिले अपील तिथे पुन्हा चालणार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली द्वितीय अपील कायद्याच्या सारभूत प्रश्नापुरतेच असते. त्या प्रश्नाचे उत्तर देऊन पुरावा नव्याने तोलण्याचे काम खाली परत पाठवणे ही नेहमीची गोष्ट आहे.

इथेच भाषेमुळे होणारे सर्वांत मोठे नुकसान दडलेले असते. प्रकरण परत पाठवताना पक्षकारांनी खालच्या न्यायालयात कोणत्या तारखेला हजर राहायचे हे अपील न्यायालयाने ठरवून द्यावे, असे संहितेच्या आदेश 41 नियम 26-अ मध्ये म्हटले आहे. ती तारीख बहुधा निकालाच्या अगदी शेवटच्या परिच्छेदात, एका ओळीत असते, आणि तिच्यासाठी वेगळी नोटीस येईलच असे नाही. काही वर्षांपूर्वी एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे निकालाची घडी केलेली प्रत घेऊन आले. गावात कोणीतरी त्यांना पहिले पान वाचून ‘अपील मंजूर’ असे सांगितले होते, त्यांनी पेढेही वाटले होते. शेवटच्या पानावरची हजेरीची तारीख उलटून दोन महिने झाले होते आणि खाली त्यांच्या गैरहजेरीत काम पुढे गेले होते. ते निस्तरायला वर्ष गेले. म्हणून माझी पहिली सूचना अशी की निकाल शेवटाकडून वाचायला घ्या. ‘ऑर्डर’ या शब्दाखालचा भाग, म्हणजे प्रत्यक्ष आदेश, आधी कोणाकडून तरी नीट मराठीत करून घ्या. त्यात हजेरीची तारीख, अंतरिम आदेश चालू असल्यास तो किती आठवडे टिकणार ती मुदत, आणि खर्चाबाबतचा आदेश पाहा. कारणमीमांसेची वीस पाने नंतर वाचली तरी चालतील.

रिट याचिकेच्या निकालात आणखी एक अडचण येते, ती भाषांतर कितीही चांगले असले तरी सुटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचा शेवट ‘प्रार्थना खंड ब नुसार रूल ॲब्सोल्यूट करण्यात येतो’ अशा धर्तीवर होतो. रूल ॲब्सोल्यूट म्हणजे याचिका मान्य, रूल डिस्चार्ज्ड म्हणजे अमान्य, एवढे कळले तरी नेमके काय मान्य झाले हे निकालपत्रात नसतेच. ते मूळ याचिकेतल्या विनंतीच्या परिच्छेदात असते. निकाल सार्वजनिक आहे, संकेतस्थळावर आहे, पण याचिका तिथे नाही. म्हणून याचिकेची प्रत आपल्या वकिलांकडून घेऊन निकालाला जोडून ठेवावी आणि भाषांतर करायला देताना दोन्ही कागद एकत्र द्यावेत. न्यायमूर्तींनी मान्य केलेली विनंती निकालातच पूर्ण लिहावी, असे मला मनापासून वाटते. त्याने दोन ओळी वाढतील, पण ज्याच्यासाठी निकाल लिहिला त्याला तो कळेल.

आता हक्काचा प्रश्न. संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार, संसद अन्यथा तरतूद करेपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे आणि प्रत्येक उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. त्याच अनुच्छेदात राज्यपालांना, राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने, उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदी किंवा राज्याच्या भाषेला परवानगी देता येते, मात्र ही मुभा न्यायनिर्णय, हुकूमनामा आणि आदेश यांना लागू नाही. निकालांसाठी वाट राजभाषा अधिनियम, 1963 च्या कलम 7 ने उघडली: राष्ट्रपतींच्या संमतीने निकालही राज्याच्या भाषेत देता येतो, पण त्याच्यासोबत उच्च न्यायालयाच्या अधिकाराने केलेले इंग्रजी भाषांतर असावे लागते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या चार राज्यांच्या उच्च न्यायालयांत हिंदीला अशी मान्यता मिळाली. तमिळनाडू, गुजरात, पश्चिम बंगाल, कर्नाटक आणि छत्तीसगड यांचे आपापल्या भाषांसाठीचे प्रस्ताव सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींच्या बैठकीत, 2012 साली, अमान्य झाले. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 च्या अधिसूचनेने मराठी झाली, उच्च न्यायालयाची मात्र इंग्रजीच राहिली. परिणाम आपल्या घरात दिसतो आहेच. साक्ष मराठीत, उलटतपास मराठीत, दोन निकाल मराठीत, आणि ज्या पायरीवर वाद कायद्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक होतो तिथे पक्षकाराची भाषा सुटते.

त्यामुळे दिवाणी अपिलात उच्च न्यायालयाच्या निकालाचे मराठी भाषांतर मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला नाही, हे स्पष्ट उत्तर देणे भाग आहे. फौजदारी प्रकरणात स्थिती निराळी आहे. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य आणि ताबडतोब द्यावी लागते. त्याने अर्ज केल्यास प्रमाणित प्रत, किंवा त्याची तशी इच्छा असल्यास शक्य तेव्हा त्याच्या स्वतःच्या भाषेतले अथवा न्यायालयाच्या भाषेतले भाषांतर, विनाविलंब द्यावे लागते. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 363 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 404 मध्ये आहे. नातेवाईक तुरुंगात असेल आणि निकाल समजत नसेल, तर हा अर्ज जरूर करावा. फार थोडे लोक तो करतात.

या तरतुदीचे महत्त्व महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिसले. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या निकालात असे दिसले की मुंबई उच्च न्यायालयाने 1973 साली शिक्षा वाढवली, निकालाची प्रत येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली, पण ती कैद्याला पोचल्याची त्याची सही कुठेच नव्हती. तो सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने सांगितले की अपिलाचा हक्क खरा ठरायचा असेल तर निकालाची प्रत वेळेत कैद्याच्या हातात पडली पाहिजे, आणि तुरुंग अधिकाऱ्यांनी त्याची लेखी पोच घेतली पाहिजे. प्रत हातात पडूनही ती वाचता येत नसेल तर स्थिती फारशी वेगळी राहत नाही, असे मला त्या निकालाच्या प्रकाशात नेहमी वाटते.

हक्क नसला तरी सोय काही प्रमाणात झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2019 पासून निवडक निकालांची भारतीय भाषांतली भाषांतरे संकेतस्थळावर द्यायला सुरुवात केली, त्यात मराठी पहिल्यापासून आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘सुवास’ ही भाषांतराची संगणक प्रणाली आली. 2023 मध्ये या कामाला वेग आला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि उच्च न्यायालयांतही उपसमित्या झाल्या. दोघेही मुंबई उच्च न्यायालयात काम केलेले न्यायमूर्ती, दोघांचीही मातृभाषा मराठी. तरीही डिसेंबर 2023 च्या आरंभी भाषांतरित झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 31,184 निकालांपैकी हिंदीत 21,908 होते, पंजाबीत 3,574, कन्नडमध्ये 1,898 आणि मराठीत 765. त्यानंतर आकडे वाढले आहेत, पण हे प्रमाण मला खुपते. इंग्रजी आणि मराठी दोन्हींत कायदा लिहू शकणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना या कामाचा पुरेसा मोबदला आणि मान दोन्ही मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट निवडीची. भाषांतरासाठी निकाल निवडताना त्यांचे सार्वजनिक महत्त्व पाहिले जाते. ते योग्यच आहे, पण ज्याचा वाद आहे त्याचा साधा, कोणताही नवा सिद्धान्त नसलेला निकाल या निवडीत क्वचितच येतो. आपला निकाल तिथे सापडला नाही तर आश्चर्य वाटू देऊ नका. माझे मत असे आहे की सगळे निकाल मराठीत आणण्याआधी प्रत्येक निकालातला आदेशाचा भाग, पान-अर्ध्या पानाचा, मराठीत सोबत द्यावा. त्याला फार मनुष्यबळ लागत नाही आणि हजेरीच्या तारखा चुकणे थांबेल.

भाषांतर सापडले तरी त्याच्यावर एक सूचना छापलेली असते, ती अवश्य वाचावी. तिचा आशय असा की हे भाषांतर पक्षकाराला निकाल आपल्या भाषेत समजावा एवढ्यासाठीच आहे, इतर कारणासाठी ते वापरता येणार नाही, आणि अंमलबजावणीसह सर्व अधिकृत कामांसाठी इंग्रजी निकालच प्रमाण राहील. तलाठ्याकडे भाषांतर चालेल का, याचे उत्तर यात आले. सोबत जोडायला हरकत नाही, प्रत्यक्षात अधिकाऱ्याला त्याची मदतच होते, पण अर्ज प्रमाणित इंग्रजी प्रतीवरच करावा. शिवाय आपला दावा वाटपाचा आहे. शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी करतात, आणि त्यासाठी न्यायालयाकडून हुकूमनामा त्यांच्याकडे जावा लागतो. नुसता निकाल दाखवून सातबारा बदलत नाही. आणि प्रकरण फेरनिर्णयासाठी परत गेले असेल तर जिल्हा न्यायालयाचा अंमलात आणण्याजोगा हुकूमनामा आज शिल्लक नाही. भाऊबंदांनी फेरफारासाठी अर्ज दिला तर आपण हीच प्रमाणित प्रत लावून लेखी हरकत घ्यावी.

इतर निकाल वाचण्याबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निर्णयसंग्रहातले निकाल 2 जानेवारी 2023 पासून ‘ई-एससीआर’ या नावाने विनामूल्य खुले आहेत. ई-न्यायालय प्रकल्पाच्या निकाल शोध पानावर उच्च न्यायालयांचे निकाल शब्दानुसार शोधता येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरही निवडक निकाल मराठीत ठेवलेले आहेत. प्रत्येक निकालाला आता तटस्थ उद्धरण क्रमांक असतो. औरंगाबाद खंडपीठाच्या निकालावर वर्षानंतर ‘बीएचसी-एयूजी’ अशी अक्षरे दिसतील. तो क्रमांक टिपून ठेवलात तर कोणत्याही संगणकावर तोच निकाल पुन्हा सापडतो. आपण पक्षकार नसलेल्या प्रकरणाची प्रमाणित नक्कल हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कारण देऊनच अर्ज करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात मार्च 2020 मध्ये ठरवले आहे. निकालाचा मूळ मजकूर छापायला आणि वाटायला कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही, मात्र बलात्कारपीडित व्यक्तीची किंवा बालकाची ओळख उघड होणारा मजकूर कोणत्याही भाषेत पुढे पाठवणे गुन्हा आहे.

राहता राहिले आपल्या स्वतःच्या निकालाचे भाषांतर. ते खासगी भाषांतरकाराकडून करून घ्या, आणि त्याला जिल्हा न्यायालयाचा मराठी निकालही द्या. वादातल्या प्रत्येक गोष्टीला त्या निकालात आधीच मराठी शब्द मिळालेला आहे: वहिवाट, ताबा, कब्जेदार, एकत्र कुटुंब, सामाईक बांध. इंग्रजीत या सगळ्यांवर दोन-तीनच शब्दांची चादर पसरते आणि भाषांतरात ती परत उलगडावी लागते. ‘पझेशन’ कुठे ताबा आहे आणि कुठे वहिवाट, हे खालचा निकाल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश वापरायला सांगा. परिच्छेद क्रमांक मुळाप्रमाणेच ठेवायला सांगा, म्हणजे दोन्ही प्रती शेजारी ठेवून तपासता येतील. मग गट क्रमांक, हिस्सा, हेक्टर-आर, तारखा आणि वारसांची नावे आपण स्वतः बोट ठेवून ताडून पाहा. मी तपासलेल्या एका भाषांतरात मजकूर निर्दोष होता, पण गट क्रमांक 127 चा 172 झाला होता, आणि तो गट प्रतिवादीच्या चुलत्याचा होता. हे सर्व झाल्यावर भाषांतर आणि प्रमाणित प्रत दोन्ही घेऊन आपल्या वकिलांकडे जा आणि आदेशातल्या प्रत्येक कलमासमोर, कोणी काय करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.